माळ्यावरचा पाळणा उतरवण्याआधी

सातवा महिना लागला की घरात दोन गोष्टी हमखास होतात. ओटीभरणाची तारीख निघते, आणि कुणीतरी माळ्याकडे बोट दाखवून म्हणतं, "पाळणा कशाला विकत घ्यायचा? आपला आहे की वर!"

आमच्याकडे हे सासूबाई म्हणाल्या. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. पाळणा सागवानी, कातीव दांड्यांचा, चार कोपऱ्यांच्या खुंटांवर चार पोपट. त्यात माझे यजमान झोपले, त्यांच्या दोघी बहिणी झोपल्या, पुढे माझी लेक झोपली. सगळी धडधाकट आहेत, मग आणखी काय बघायचं? मी पाळणा उतरवून घेतला, ओल्या फडक्यानं पुसला आणि कौतुकानं फोटो काढून लेकीला पाठवला. तिचा उलट प्रश्न आला, "आई, दोन दांड्यांमधलं अंतर किती आहे गं?"

मोजलं तर 8.5 सेंटिमीटर निघालं. हे जास्त आहे हेही मला तोवर ठाऊक नव्हतं. पुढचा महिनाभर सुतार, वेल्डर, बालरोगतज्ज्ञ आणि सासूबाई अशा चौघांच्या मध्ये उभी राहून जे शिकले, ते ज्यांच्या माळ्यावर असा पाळणा आहे त्यांच्यासाठी इथे लिहिते आहे.

"आम्ही नाही का वाढलो त्यात?" हा प्रश्न तुमच्याही घरात येईल, म्हणून त्याचं आधी बघू. वाढलात, खरं आहे. पण तो पाळणा कसा वापरला जायचा तेही आठवा. माजघरात, तुळईच्या कडीला, दिवसाउजेडी. दोरी आजीच्या नाहीतर आत्याच्या हातात. हात निवडायच्या तांदळांत असला तरी नजर पाळण्यावर. रात्र झाली की बाळ आईच्या कुशीत जायचं आणि पाळणा बाजूला सरायचा. म्हणजे पाळण्याइतकंच त्याच्यापाशी बसलेलं माणूस बाळाला सांभाळत होतं. आज तोच पाळणा आपण रात्रभराचा पलंग म्हणून वापरायचा बेत करतो; दार लोटून, एसी लावून, मोबाइलवर कॅमेरा जोडून. पाळणा तोच असला तरी त्याच्यावर टाकलेलं काम बदललेलं आहे.

म्हणून पाळणा किती जुना हे विचारण्याआधी तो कशासाठी हवा आहे ते ठरवा. बारशाच्या दिवशी तासभर, दुपारच्या झोपेला शेजारी कुणीतरी बसून, की रात्री सगळे झोपल्यावर? पुढची प्रत्येक कसोटी या उत्तराप्रमाणे सैल किंवा कडक होते. रात्रीच्या वापरासाठी एकही त्रुटी चालवून घेऊ नका. टांगता पाळणा रात्रीसाठी मी तर मुळीच सुचवणार नाही. रात्री बाळाला सपाट, घट्ट गादीची, न हलणारी, आईच्या खोलीतलीच वेगळी जागा हवी. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच सांगते, निदान पहिले 6 महिने.

आता मोजपट्टी घ्या. दोन दांड्यांमधली फट 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. अमेरिकेत हा आकडा 1970च्या दशकापासून नियमात आहे. युरोपात 4.5 ते 6.5 सेंटिमीटर धरतात. यामागचं कारण एकदा समजलं की विसरता येत नाही. लहान बाळाचं अंग डोक्यापेक्षा लवचिक आणि सडसडीत असतं. पाय, कंबर, छाती फटीतून सरकत बाहेर जाते आणि डोकं आत अडकतं. बाळ मानेवर लोंबकळतं, तेही आवाज न करता. फट मोजायला कोल्ड्रिंकचा डबा घालून बघा असं पुष्कळजण सांगतात. डबा आरपार गेला तर फट मोठी. युक्ती जुन्या जाड्या डब्यांच्या काळातली आहे. हल्लीचे सडपातळ डबे 6 सेंटिमीटरच्या फटीतूनही सहज जातात आणि उगाच घाबरवतात. त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याचा 6 सेंटिमीटर रुंदीचा तुकडा कापा आणि प्रत्येक फटीतून फिरवा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. जुन्या पाळण्यात एखादी दांडी कधीतरी निखळलेली असते आणि घरच्या कुणीतरी ती अंदाजानं बसवलेली असते.

आमचा सुतार म्हणाला, "मधे एकेक दांडी ठोकून देतो, काम झालं." मी हिशेब केला. 8.5 सेंटिमीटरच्या फटीत अडीच सेंटिमीटर जाडीची दांडी घातली की दोन्ही बाजूंना 3-3 सेंटिमीटर उरतात. तेवढ्या फटीत हातपाय अडकतो. शेवटी त्यानं वरची पट्टी उतरवली, नव्यानं भोकं पाडली, लांबीच्या प्रत्येक बाजूला तीन दांड्या जास्त घातल्या आणि सगळ्या सारख्या अंतरावर बसवल्या. आता फट 5.5 आहे. मजुरी द्यावी लागली, पण दुरुस्ती करायची तर अशीच. खिळे ठोकून, सुतळी गुंडाळून किंवा जाळी ताणून केलेली दुरुस्ती धरू नका.

दुसरी कसोटी गोटीची. पाळणा टांगा, गादी घाला, गादीवर एक पातळ ताट ठेवा आणि त्यात गोटी सोडा. पाळणा थांबल्यावर गोटी एका कडेला पळाली तर चार साखळ्यांची लांबी सारखी नाही. नवजात बाळाला कूस बदलता येत नाही, पण कललेल्या पाळण्यात ते आपोआप कडेला घरंगळतं आणि तोंड कठड्याला किंवा कापडाला चिकटतं. त्याला मान उचलून दूर होता येत नाही. डोकं वर आणि पाय खाली असा उतारही तसाच वाईट. हनुवटी छातीला टेकली की बाळाची कोवळी, अरुंद श्वासनलिका दुमडते. साडीच्या झोळीबद्दल मला म्हणूनच भीती वाटते. झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं, चेहरा कापडात जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शेतावर, बांधकामावर ज्या आईला दुसरा उपाय नाही तिला मी काही शिकवणार नाही. पण ज्यांच्याकडे सपाट जागा आहे त्यांनी हौसेखातर स्प्रिंगची झोळी आणू नये.

तळ हातानं दाबून बघा. तळाला सलग फळी हवी. नवारीच्या पट्ट्या असतील तर त्या वर्षानुवर्षं ताणून मध्ये खड्डा पडलेला असतो, आणि त्या खड्ड्यात बाळ पुन्हा धनुष्य होतं.

मग कड्या आणि साखळ्या. साखळीची प्रत्येक कडी सैल करून बघा. जिथे कडी कडीवर घासते तिथे लोखंड झिजून बारीक होतं. बाहेरून साखळी जाडजूड दिसते, दोष आतल्या वळणात असतो. एक कडी जरी झिजलेली आढळली तरी चारही साखळ्या बदला. पितळी साखळी मोडवत नसेल तर देवघराच्या झोपाळ्याला लावा. उघड्या तोंडाचे आकडे काढून टाका आणि बंद होणारे, स्क्रूचे आकडे घ्या.

वर काय आहे, हा प्रश्न फ्लॅटमध्ये जास्त मोठा. वाड्यातल्या तुळईला ठोकलेली कडी वेगळी आणि स्लॅबमधला पंख्याचा हूक वेगळा. पंखा जागच्या जागी फिरतो, पाळणा एका दिशेनं हेलकावे घेतो. हूकवर ताण सारखा पुढे-मागे येतो. पीओपीच्या छताला तर काहीच टांगायचं नाही. त्याच्या वरच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर बसवून घ्यावा लागतो, आणि तो जाणकाराकडूनच.

इथे मला बारशातला वरवंटा आठवतो. बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, आत ठेवतात, झोके देतात. बाळ दगडासारखं दणकट व्हावं म्हणून, असं म्हणतात. मला त्यात पाळण्याची परीक्षाही दिसते. फक्त आता वरवंटा पुरत नाही. 25 किलोचं तांदळाचं पोतं घाला आणि पंधरा मिनिटं चांगला झोका द्या. खाली गादी पसरून ठेवा आणि कान देऊन ऐका. करकर कुठून येते? छताचा चुना, माती गळते का? कुठली दांडी खुळखुळते? 25 किलो का, तर बाळ 5-6 किलोचं असलं तरी घरातलं दुसरं मूल एक दिवस कठड्याला लोंबकळणारच. आणि पाळणा गुडघ्याच्या उंचीपेक्षा वर टांगू नका. वाकायला त्रास होतो म्हणून लोक कमरेइतका वर घेतात. पडल्यावर ती उंची बाळाच्या डोक्याला मोजावी लागते.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चूक दिसत नाही. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. पिवळा, लाल, हिरवा अशा भडक छटांमध्ये विशेष. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग इतकी बांधणारे नियम 2016 साली निघाले आणि 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधी रंगवलेल्या पाळण्यावर काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. दात येऊ लागले की बाळ कठडा चावतं, सुटलेली पापुद्री पोटात जाते. शिशाचं अमुक प्रमाण बाळाच्या मेंदूला चालतं असं कुणीही डॉक्टर सांगणार नाही. वरून नवा रंग मारला म्हणून खालचा नाहीसा होत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे गच्चीत बसून कोरड्या पॉलिश पेपरनं तो घासून काढणं. ती धूळ घरभर होते, गर्भवतीच्या श्वासात जाते आणि तिच्याकडून पोटातल्या बाळाकडे. म्हणून माझा नियम साधा आहे: 2017च्या नोव्हेंबरआधीचा किंवा तारीख माहीत नसलेला तैलरंग असेल तर तो पाळणा बाळासाठी नाही. बारशाच्या फोटोपुरता, कापडानं कठडा झाकून, चालेल.

लाकूड दिसणारं पॉलिश असेल तर नशीब. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं जुनं पॉलिश वाळल्यावर निरुपद्रवी असतं. पुन्हा पॉलिश करायचं तर बाळंतपणाच्या तारखेआधी निदान महिना-दीड महिना करा आणि पाळणा उघड्या हवेत ठेवा. वास नाकाला जाणवतो आहे तोवर त्यात बाळ नको.

पाळणा जिथे ठेवला होता तिथली फरशी बघायलाही विसरू नका. पिठासारखी बारीक भुकटी पडली असेल तर लाकडात किडा आहे. दाभण घेऊन खुंट, सांधे आणि तळाची फळी टोचा. दाभण आत रुतलं तर तो भाग पोकळ आहे, बाहेरून कितीही चकचकीत असो. ढेकूण सांध्यांत असतात. कडकडीत पाणी आणि दोन-तीन दिवसांचं ऊन यानं जातात. कीटकनाशकाचा फवारा मारून त्यात बाळ झोपवू नये, हे सांगायची गरज नसावी. पण आमच्याकडे औषधवाल्याला बोलावण्यापर्यंत गोष्ट गेली होती, म्हणून सांगते.

पाळण्याबरोबर माळ्यावरून एक गाठोडंही उतरतं. त्यात जुनी गादी, दुपटी, कुंची, आणि डांबरगोळ्या. या गोळ्यांतलं नॅफ्थलीन काही बाळांना घातक ठरतं. जी-सिक्स-पीडी नावाचं विकर ज्यांच्या रक्तात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेनं फुटतात आणि कावीळ भराभर वाढते. जन्माला आलेल्या बाळात ही उणीव आहे की नाही हे तपासणी केल्याशिवाय कळत नाही. म्हणून डांबरगोळीचा वास असलेलं एकही कापड बाळाच्या अंगाखाली-अंगावर नको. गाठोड्यातली कुंची आठवण म्हणून जपा, दुपटी नवी शिवा. जुन्या मऊ सुती साड्या घरात असतातच, फक्त त्या गोळ्यांच्या सहवासातल्या नसाव्यात.

गादी पाळण्याच्या मापाची नवी करून घ्या, हे मी ठामपणे सांगेन. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहता कामा नये. सावरीच्या कापसाची मऊ लुसलुशीत गादी नको. तळहात दाबून उचलल्यावर खड्डा राहिला तर ती बाळासाठी मऊ आहे. आणि मग आत काय ठेवायचं? बाळ, उताणं. आणखी काही नाही. मोहरीची उशी नाही, दोन्हीकडे लोड नाहीत, कठड्याला बांधायची गुबगुबीत झालर नाही. अशा झालरींच्या विक्रीवर अमेरिकेनं 2022च्या कायद्यानं बंदी घातली. मोहरीच्या उशीवरून आमच्याकडे बरंच झालं. डोकं गोल व्हायला हवं ना! डॉक्टरीणबाईंनी मधला मार्ग दिला: झोपवताना डोक्याची बाजू आलटून-पालटून बदला, आणि बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसून, थोडा वेळ पालथं ठेवा. सासूबाईंना हे पटलं, कारण त्यात त्यांना काम होतं.

खुंटांवरचे पोपट, मोर, कळस ही आपल्या पाळण्यांची शोभा. अमेरिकी नियम मात्र कोपऱ्याचा खुंट कठड्याच्या वर जवळजवळ दीड मिलिमीटरपेक्षा जास्त येऊ देत नाहीत, कारण त्यात गळ्यातला दोरा, कुंचीचा बंद अडकतो. पोपट कापायला आमच्या घरात कुणाचा हात धजावला नसता. म्हणून आम्ही उलटं केलं: बाळाच्या गळ्यात काळा दोरा नाही, वेखंडाची माळ नाही, बंद बांधलेली कुंची घालून झोपवणं नाही. पाळण्यावर टांगलेली खेळणी बाळाच्या हाताला लागणार नाहीत इतकी वर. हलवायची दोरी बाहेरच्या बाजूला बांधलेली, आणि दोरी धरणारं माणूस उठलं की ती सोडून घ्यायची. तळाखाली काळपट डाग दिसला तर तो पूर्वीच्या शेगडीचा, धुरीचा असेल. तो प्रकार आता पुन्हा करू नका. धूर आणि निखारा दोन्ही बाळापासून लांब बरे.

लोखंडी स्टँडच्या घडीच्या पाळण्यांबद्दल थोडक्यात. ते वय झाल्यानं नव्हे, सारखी घडी घातल्यानं बिघडतात. वेल्डिंगच्या जागी केसाएवढी चीर, गंजलेला नट, झोका थांबवायची हरवलेली खीळ, फाटलेली जाळी बघा. मूळ नट-बोल्ट हरवून तार गुंडाळलेली असेल तर भंगारात द्या. त्यांच्यावर कुणाच्या आठवणी जडलेल्या नसतात, त्यामुळे निर्णय सोपा जातो.

परदेशी राहणाऱ्या मराठी घरांत वेगळाच प्रश्न येतो. न्यू जर्सीत किंवा बे एरियात ओळखीतल्या ओळखीत क्रिब, म्हणजे बाळाची कठड्याची कॉट, फिरते: एका घरची मुलं मोठी झाली की दुसऱ्या घरी. तीच पुढे कंटेनरमधून पुण्यालाही येते. तिची एक बाजू खाली-वर सरकते का बघा. सरकत असेल तर घेऊ नका. ही सरकती बाजू निखळून फट पडते आणि बाळ त्यात अडकतं. 2000 सालापासून असे किमान 32 मृत्यू झाल्याचं अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं 2010च्या अखेरीस सांगितलं, आणि 28 जून 2011पासून अशा क्रिब बनवायला, विकायला, जुन्या म्हणून पुन्हा विकायलाही बंदी झाली. बाजू स्क्रूनं पक्की केली तरी ती क्रिब नियमात बसत नाही. सरकती बाजू नसेल तर तळाच्या चिठ्ठीवर उत्पादनाची तारीख शोधा आणि आयोगाच्या परत मागवलेल्या वस्तूंच्या यादीत तिचं मॉडेल पडताळा. दहा वर्षांहून जुनी क्रिब वापरू नका, असंच तिथे सांगतात. चिठ्ठीच नसेल तर मैत्रिणीला गोड शब्दांत नाही म्हणा.

टांगता पाळणा केव्हा बंद करायचा हे आधीच ठरवून ठेवा, कारण तो दिवस सांगून येत नाही. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं किंवा पालथं पडून हातांवर छाती उचलू लागलं की पाळणा संपला. बहुतेक बाळं चौथ्या महिन्याच्या आसपास हे करतात, काही त्याआधीच. "अजून पूर्ण वळत नाही" म्हणून आठवडाभर ढकलू नका.

एवढं सगळं बघून पाळणा नापास झाला तर? त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्या चुलत घरचा पाळणा रंगावर नापास झाला, तर त्यांनी तो गल्लीतल्या राममंदिराला दिला. दर रामनवमीला दुपारी बारा वाजता तो हलतो. देता येत नसेल आणि टाकायचाच असेल तर साखळ्या काढून, तळाची फळी सुटी करून टाका. नाहीतर भंगारवाला तो डागडुजी करून दुसऱ्या घरी पोचवतो.

आमचा पास झाला, पण अटींवर. रात्रीसाठी साधी, न हलणारी छोटी कॉट आणली. पाळणा दुपारी एक ते चार, आणि तोही कुणी बसलं असेल तरच. ती पाळी सासूबाईंनी स्वतःकडे घेतली. जपाची माळ एका हातात, दोरी दुसऱ्या. डुलकी येते आहे असं वाटलं की त्या मला हाक मारायच्या, "अगं, ये, मी आता झोपते, बाळाला उचल." चौथा महिना सरता सरता नातीनं कूस पालटली, तेव्हा दोरी त्यांनीच सोडली.

पाळणा पुन्हा माळ्यावर गेला आहे. या वेळी त्याच्याबरोबर गाठोडं नाही, डांबरगोळी नाही. तळाच्या फळीला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर दांड्यांमधलं अंतर, साखळ्या बदलल्याचं साल, पॉलिश कशाचं आहे ते, आणि सुताराचं नाव.